सीओईपीला नंबर लागेल का?

प्रति,
मा. कुलगुरू,
सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, पुणे

महोदय,


माण तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. सीईटीचा निकाल लागला की मुलं मोबाईल पुढं करतात, आकडा दाखवतात आणि विचारतात, "सर, सीओईपीला नंबर लागंल का?" याचं उत्तर द्यायला शिक्षक लागत नाही. मागच्या वर्षीच्या कॅप राउंडची कट-ऑफ उघडली की कळतं. नंबर का लागत नाही, हे मात्र त्या यादीत कुठंच लिहिलेलं नसतं. ते आपल्यापुढं मांडावं म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. दहिवडी-म्हसवडचा आहे, तसाच आटपाडी, जत, खटाव, सांगोल्याचाही आहे.

आपल्यालाच का लिहितोय तेही सांगतो. आयआयटी केंद्राच्या, खासगी विद्यापीठं पैसेवाल्यांची. सीओईपी राज्याची आहे, म्हणजे आमचीही आहे. १८५४ पासून चालत आलेल्या या संस्थेला २०२२ साली स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्याकडच्या शिक्षकांनाही आनंद झाला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथलेच विद्यार्थी. मुद्देनहळ्ळीसारख्या खेड्यातला, लहान वयात वडील गेलेला हा मुलगा म्हैसूर सरकारच्या मदतीवर पुण्यात येऊन इंजिनिअर झाला आणि १९५५ साली भारतरत्न ठरला. हुशार पोरगं खेड्यातही असतं, पण त्याला तिथून हात धरून आणावं लागतं, एवढी समज १८८० च्या दशकातल्या एका संस्थानाला होती. माझं मागणं त्याच्यापेक्षा फार वेगळं नाही.

आधी आकड्यांकडं वळतो. २०२५ साली सीईटीच्या पीसीएम गटाला चार लाखांहून अधिक मुलं बसली. चार लाखांत ९९ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढं चार हजार जण. आपल्याकडं कॉम्प्युटर शाखेची खुल्या गटाची कट-ऑफ ९९.९ च्या पुढंमागं असते. म्हणजे राज्यातल्या पहिल्या चारशेंच्या आसपास असावं लागतं. आमच्याकडं ज्याला ९५ पर्सेंटाइल पडतात, त्याचा गावात सत्कार होतो, चौकात फ्लेक्स लागतो. त्याच्या पुढं वीस हजार मुलं उभी आहेत, हे फ्लेक्सवर नसतं. ते ऑप्शन फॉर्म भरताना कळतं.

आता ही वीस हजार मुलं पुढं कशी गेली ते पाहू. सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला ५४ सेकंद. मग गणिताचे ५० प्रश्न, त्यांनाही ९० मिनिटं. एक नेहमीचा प्रश्न घ्या. एल लांबीची आणि एम वस्तुमानाची बारीक दांडी. एका टोकापासून एकतृतीयांश लांबीवर, दांडीला लंब असलेल्या अक्षाभोवती तिचं जडत्व आघूर्ण किती? माझा विद्यार्थी दांडीच्या मध्यापासून सुरुवात करतो. तिथं ते एमएल वर्ग भागिले बारा. अक्ष मध्यापासून एल भागिले सहा इतका सरकलाय, म्हणून तो समांतर अक्षांचं प्रमेय लावतो, त्यात एमएल वर्ग भागिले छत्तीस मिळवतो आणि बेरीज करून एमएल वर्ग भागिले नऊ काढतो. उत्तर बरोबर, रीतही बरोबर. मी तशीच शिकवलीय आणि तुमचे प्राध्यापक पहिल्या वर्षाला तशीच मागतील. पण कच्च्या कागदावर हे करायला त्याला दीड-दोन मिनिटं लागली. क्लासला जाणाऱ्या मुलानं हाच प्रश्न सराव परीक्षांमधून इतक्यांदा सोडवलेला असतो की 'भागिले नऊ' त्याला तोंडपाठ असतं. पर्यायावर टिचकी मारून तो पाच सेकंदांत पुढच्या प्रश्नावर जातो. उत्तर दोघांचं एकच, गुणही एकच; पण माझ्या मुलाचे शेवटचे वीस प्रश्न वाचायचेच राहतात. उणे गुण नसल्यामुळं शेवटच्या मिनिटाला तो डोळे मिटून खुणा करत सुटतो.

परीक्षा खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती आकलनाबरोबर वेगही मोजते, आणि वेग बाजारात विकत मिळतो. पुण्यात मिळतो, लातूरला मिळतो, कोट्याला मिळतो. दोन वर्षांची फी, वर खोलीभाडं आणि मेस. ज्यांना हे झेपतं ते घेतात, त्यांचं काही चुकत नाही. माझं म्हणणं इतकंच, की हा विकत घेतलेला वेग आणि मुलाची अक्कल यांची बेरीज करून दशांशानंतर सात स्थळांपर्यंत जो आकडा छापला जातो, त्याला आपण निव्वळ गुणवत्ता समजतो.

या बाजूला दोन वर्षं कशी जातात तेही ऐका. मुलं वाडी-वस्तीवरून येतात. सकाळची एसटी चुकली की पहिले दोन तास गेले. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी पुस्तकांसमोर बसतो. पहिली सहामाही वाक्य लावण्यातच जाते. सीईटीचा भौतिक-रसायनचा पेपर मराठीत मिळतो, गणिताचा इंग्रजीतच. ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयांत गणिताची जागा बऱ्याचदा तासिका तत्त्वावर भरलेली असते आणि कधीकधी ती दिवाळीनंतर भरते. परीक्षा संगणकावर, पण सरावाला संगणक किती आणि त्यातले चालू किती, हे विचारू नका. माउस नीट हातात बसेपर्यंत पेपरातली पहिली दहा मिनिटं जातात, असं मुलंच येऊन सांगतात. आणि दुष्काळ पडला की घरचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. २०१८-१९ ला चारा छावण्या उघडल्या तेव्हा घरातलं एक माणूस जनावरांबरोबर छावणीत राहायचं आणि पुष्कळ घरांत ते माणूस म्हणजे बारावीचा मुलगा असायचा.

परीक्षेच्या दिवसाचंही तसंच. २७ एप्रिल २०२५ च्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले, म्हणून सीईटी सेलनं ५ मे रोजी फेरपरीक्षा घेतली. चूक दुरुस्त केली, हे योग्यच झालं. पण पुण्यातल्या मुलाला फेरपरीक्षा म्हणजे पुन्हा एकदा रिक्षा. म्हसवडच्या वस्तीवरल्या मुलीला ती म्हणजे आदल्या दिवशी निघणं, साताऱ्यात कुणा पाहुण्याकडं मुक्काम, बरोबर वडील आणि वडिलांचा दोन दिवसांचा रोज बुडणं.

सरकार काहीच करत नाही असंही नाही, आणि ते इथं नोंदवलं पाहिजे. महाज्योतीकडून आमच्या धनगर आणि इतर मागासवर्गीय मुलांना टॅब आणि डेटा मिळतो, ऑनलाइन शिकवणी मिळते. जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ झाली. चांगल्या योजना आहेत. पण फी माफ होते ती नंबर लागल्यावर, आणि अडतं ते त्याच्या आधीच. आपल्याकडची शिक्षण शुल्क माफीची योजना पाहा. टीएफडब्ल्यूएसच्या पाच टक्के जागा मंजूर संख्येवर वाढीव, गरिबाच्या हुशार मुलासाठी. नामांकित कॉलेजांत त्याच जागांची कट-ऑफ अनेकदा खुल्या गटाच्याही वर जाते. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख असल्यामुळं शहरातल्या क्लासमधली मुलंही त्यात बसतात, आणि पहिल्या नंबरला तीच असतात. गरिबासाठी काढलेल्या जागेला सगळ्यांत महाग पर्सेंटाइल लागावं, याच्यापुढं मी काय लिहू?

कुणी म्हणेल, माणच्या मुलांत कुवतच कमी असेल. त्यांनी माणदेशाचा इतिहास बघावा. पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या या मुलखानं स्पर्धा परीक्षांतून इतके अधिकारी दिले की 'अधिकाऱ्यांची खाण' हे शब्द इथं सत्काराच्या प्रत्येक भाषणात येतात. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी मराठवाडा विद्यापीठाचं कुलगुरुपद सांभाळलं. म्हणजे आपल्या खुर्चीसारख्या खुर्चीवर माणदेशी माणूस बसून गेलेला आहे. मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. शर्यतीत सगळे एका रेषेवरून सुटतात, म्हणून तिची ताकद घड्याळाला दिसली. सीईटीत तशी रेषा नाही. स्पर्धा परीक्षेला आमची मुलं तग धरतात, कारण तिथं वय हाताशी असतं. गावातल्या अभ्यासिकेत तीन-चार वर्षं बसून मागं राहिलेलं भरून काढता येतं. इंजिनिअरिंगला सतराव्या वर्षीच निकाल लागतो. चार वर्षं मागं राहिलेल्याला ती चार वर्षं कुणी देत नाही.

आपलं उत्तर मला ठाऊक आहे. प्रवेशाचे नियम शासन करतं, राबवतो सीईटी सेल, विद्यापीठाच्या हातात काही नाही. निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी चार गोष्टी मागतो.

पहिली गोष्ट उद्याच करता येईल. आपल्याकडं प्रवेश घेतलेल्या मुलांची बारावी कुठल्या तालुक्यात झाली, शाळा कुठल्या माध्यमाची होती, ही माहिती त्यांच्या कागदपत्रांत असतेच. गेल्या पाच वर्षांची तालुकानिहाय आकडेवारी, नावं वगळून, जाहीर करा. माणमधून किती, आटपाडीतून किती, आणि एकट्या पुणे-पिंपरी चिंचवडमधून किती. मी अंदाजाचे आकडे देत नाही, कारण खरे आकडे आपल्या कपाटात आहेत. माझं म्हणणं चुकीचं असेल तर त्याच आकड्यांनी ते खोडून निघेल.

दुसरी गोष्ट शासनाकडं मागावी लागेल, आणि आपण मागितली तर तिला वजन येईल. अवर्षणप्रवण, डोंगरी आणि आदिवासी तालुक्यांसाठी काही वाढीव जागा. आरक्षणाला हात लावायचा नाही, कुणाची जागा काढून घ्यायची नाही, नवी परीक्षा नको. परीक्षा हीच, पर्सेंटाइल हेच. फक्त त्या तालुक्यांतल्या मुलांची यादी त्यांच्या-त्यांच्यात लावायची. यात नवं काही नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठानं मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना प्रवेशात वंचिततेचे गुण दिले. मध्ये बंद पडलेली ती पद्धत १९९४ साली पुन्हा सुरू केली. तमिळनाडूनं २०२० साली सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा ठेवल्या आणि पुढच्या वर्षी ती सोय इंजिनिअरिंगलाही लावली. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं १९९७ साली कायदा केला, की राज्यातल्या कुठल्याही शाळेत पहिल्या दहा टक्क्यांत आलेल्या मुलाला सरकारी विद्यापीठानं प्रवेश द्यायचा; मग ती शाळा शहरातली असो नाहीतर रानातली. नवोदय विद्यालयांत जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, आणि नवोदयची मुलं कुठं कमी पडतात असं कुणी म्हणत नाही. पाचवीतल्या मुलासाठी जे सरकारला कळतं, ते बारावीतल्या मुलासाठी कळायला काय हरकत आहे?

यातली मेखही मीच सांगतो, नाहीतर नंतर कुणीतरी दाखवून देईल. अशा जागा निघाल्या की पहिला फायदा 'डमी' मुलं उचलतील. ग्रामीण कॉलेजात नावाला ॲडमिशन घ्यायची, दोन वर्षं पुण्या-लातूरच्या क्लासला बसायचं आणि प्रात्यक्षिक परीक्षेला तेवढं गावात उगवायचं, हा प्रकार आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. २०१८ साली शासनानं विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच कारणानं. म्हणून पत्ता आणि रेशनकार्ड मोजू नका. पुण्यात बंगला असलेल्यांचंही रेशनकार्ड गावात असतं. उलट आमच्याकडं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यातली कितीतरी माणसं केरळात आणि तमिळनाडूत असतात, पण मुलं आजीकडं गावच्याच शाळेत शिकतात. शाळा मोजा. पाचवी ते बारावी त्याच तालुक्यात शिक्षण आणि अकरावी-बारावीची खरी हजेरी, एवढ्या दोनच अटी घाला.

तिसरी गोष्ट आपल्याच अखत्यारीतली. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तिथं सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. माणच्या मुलाला कराडचं शासकीय तंत्रनिकेतन, आटपाडीच्या मुलाला मिरजेचं, दोन्ही हाताजवळ. तीन वर्षं वर्कशॉपमध्ये काढलेला मुलगा ५४ सेकंदांच्या शर्यतीत न उतरता आपल्या दारात येऊ शकतो. पण दहावीच्या निकालानंतर सगळं गाव 'सायन्स घे, सायन्स घे' म्हणत असताना हा रस्ता त्याला सांगणारं कुणी नसतं. आपले विद्यार्थी जूनमध्ये दोन दिवस दहिवडी, म्हसवड, आटपाडीच्या शाळांत आले आणि ही वाट समजावून सांगितली, तर खर्च एसटीच्या तिकिटाचा.

चौथी गोष्ट, आलेल्यांना टिकवणं. अशा मुलांना पहिल्या सत्रात इंग्रजी आणि गणिताचा जादा वर्ग द्या, वसतिगृहात आधी खोली द्या. आपल्याकडं मुळेकाठी बोट क्लब आहे. आमच्या माणगंगेत वर्षातले बरेच महिने वाळूच असते. होडीत बसायला त्यांना एक सत्र लागेल. दुसऱ्या सत्रापासून ती वल्हवायला लागतील.

यावर गुणवत्ता घसरेल, अशी ओरड होईलच. त्यांना माझा एकच सवाल आहे. दोन मुलं घ्या. एकाला दोन वर्षांचा नामांकित क्लास, वातानुकूलित अभ्यासिका आणि दर रविवारी सराव परीक्षा मिळून ९९ पर्सेंटाइल. दुसऱ्याला सकाळची एसटी, संध्याकाळी जनावरांचं वैरण-पाणी, रात्री मोबाईलवर फुकटचे व्हिडिओ, आणि तरी ९५. चार वर्षांनंतर पूल बांधायला, यंत्र दुरुस्त करायला, दुष्काळी तालुक्यात पाण्याची योजना चालवायला यांतला कोण जास्त उपयोगी पडेल? मला दुसऱ्यावर पैज लावायला भीती वाटत नाही. आपण निदान त्याला मैदानात तरी उतरवा.

पालकांनाही दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील. कट-ऑफ बघून मुलाला कमी लेखू नका. ९५ पर्सेंटाइलवर चांगली सरकारी आणि अनुदानित कॉलेजं मिळतात. ऑप्शन फॉर्म सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर न सोडता शिक्षकाजवळ बसून भरा. मुलीला नव्वद पडले तर "मग पुण्याला धाडून काय उपयोग" असं म्हणू नका. फी माफ आहे, तिला धाडा.

आणि आपल्याला, महोदय, पुन्हा एकच विनंती. बाकी तीन गोष्टींना वेळ लागेल, समित्या बसतील, शासनाशी पत्रव्यवहार होईल. पहिलीला काहीच लागत नाही. पुढच्या कॅप राउंडच्या आधी ती तालुकानिहाय आकडेवारी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाका. माणच्या रकान्यात शून्य असेल तर शून्य छापा. पुढचं बोलणं त्या आकड्यापासून करू.

कळावे,
आपला नम्र,
माण तालुक्यातील एक शिक्षक